कामाचं ठिकाण : देऊळघाट

बुलढाणा जिल्ह्यात आठवडाभर राहून मी लोणारचं सरोवर पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. शेगावलाही गेले नाही आणि तिथली कचोरी खाल्ली नाही. ज्यांना त्यासाठी वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मी गेले होते एक गल्ली बघायला. त्या गल्लीला मी पुण्यात पंख्याखाली बसून मोडीत काढलं होतं, आणि तिथल्या एका बाईने पत्र पाठवून मला त्याचा जाब विचारला होता.

माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. कुठला धंदा कुठे गोळा झालाय, हे मी मोजते. हिशेब सोपा असतो. समजा, जिल्ह्यातल्या शंभर कामकऱ्यांत एकच जण कुंभार आहे आणि एखाद्या गावात मात्र शंभरांत दहा कुंभार आहेत, तर त्या गावाचा आकडा दहा. आकडा एकच्या खाली आला की त्या धंद्याचं त्या गावात विशेष काही नाही, असं आम्ही समजतो. मोठा आला तर गावाला सामाईक शेड, वीज, यंत्रं असं काही मिळण्याची शक्यता असते. बारीक आला तर गाव यादीतून जातं. मी गावं पाहत नाही, सरकारी गणनेतले रकाने पाहते. इतक्या वर्षांत त्याचा मला कधी त्रास झाला नव्हता.

कच्ची यादी ग्रामपंचायतींत लागली होती आणि खाली माझं नाव होतं. पत्र आखीव वहीच्या कागदावर होतं. "मॅडम, आमच्या गल्लीतली चाळीस घरं फवारणीचे पंप दुरुस्त करतात. आसपास दुसरीकडे कुठेच एवढे नाहीत. तुमच्या कागदावर आमचा आकडा शून्य पूर्णांक काहीतरी आहे. एकदा येऊन आम्हाला ते शून्य दाखवा. नसीम, देऊळघाट."

आमचे साहेब म्हणाले, हरकत आली की टपालाने उत्तर द्यायचं, त्यात जायचं काय? खरंय. पण 'येऊन दाखवा' म्हटल्यावर मला राहवत नाही. मी हट्टी आहे, हे माझ्या सासूबाईंपासून ऑफिसच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माझा आकडा बरोबर आहे याची मला खात्री होती आणि तो त्या बाईला समजावूनच यायचं, असं ठरवून मी रजा टाकली.

देऊळघाट

बुलढाण्याच्या लॉजवर पिशवी टाकून मी दुपारी देऊळघाटला पोहोचले. स्टँडवरच्या पानवाल्याला पंपवाल्यांची गल्ली विचारली, तर त्याने कुठले पंपवाले असं विचारलंसुद्धा नाही. "सीध्या जा, मशिदीच्या मांगून. पिवळ्या टाक्या दिसल्या का तेच."

दिसल्या. पाठीवर घ्यायच्या पंपांच्या पिवळ्या, निळ्या टाक्या प्रत्येक ओट्यावर मांडलेल्या होत्या. काहींची पोटं उघडी, काहींच्या नळ्या लोंबत असलेल्या. प्रत्येक दारात बाया बसलेल्या होत्या. मी पहिल्याच दाराशी थांबून विचारलं, "घरी कोणी आहे का?"

ट्रकच्या जुन्या ट्यूबवर लोखंडी ठोकणीने गोल गोल वॉशर पाडत बसलेली बाई मान वर न करता म्हणाली, "आमी हाओत ना."

"तसं नाही, कारागीर कोणी..."

तिने हातोडी खाली ठेवली. "कारागीर बाजारात गेले." मग माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघून म्हणाली, "तुमीच का त्या शून्यवाल्या?"

ती नसीम. चाळिशीची, काटक. तिने आत नेऊन चहा दिला, पण तोंडावरची अढी काही सोडली नाही. कप देताना तिचा डावा तळहात दिसला. मधोमध कातडी गुळगुळीत आणि गुलाबी झाली होती. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"ब्याटरी फुगली अन् फुटली. आता सगळे पंप ब्याटरीचे झाले ना. दुरुस्तीले आले का चार्जिंगले लावा लागतात. कुठं लावान? घरातच. लेकरं निजतात तिथंच." तिने कोपऱ्याकडे बोट केलं. गाद्यांच्या गुंडाळ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी ओळीने सात-आठ बॅटऱ्या, लाल दिवे लागलेल्या. "शाळेजवळची जागा ग्रामपंचायत द्यायले तयार हाये. शेड झालं, मोठी लाइन आली, का ह्या ब्याटऱ्या घरातून जातीन. पण तुमचा आकडा नाई म्हनते. शेड घाटाखाली चाललं म्हने, खामगावच्या अंगाले. तिथं दुकानाइले पाट्या हाएत न."

यादी पुढच्या सोमवारी पक्की व्हायची होती, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

मी लॅपटॉप उघडून तिला तक्ता दाखवला. पंपदुरुस्ती करणारे आठ बाजारांच्या गावांत विखुरलेले होते, इथे चार, तिथे सहा. देऊळघाटला जवळपास कोणीच नाही. तिने तो नीट पाहिला.

"हे बाजार पाह्यले तुमी?"

"नाही."

"मंग पाहून या. शुक्रवारी सबन घरी असतात. तवा बोलू." आणि ती पुन्हा ट्यूबवर बसली. मला आयुष्यात इतक्या थोडक्यात कोणी वाटेला लावलं नव्हतं.

अमडापूर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपवाल्यांच्या मालवाहू रिक्षात होते. सहा माणसं, वीसेक पंप आणि मी. फाटे येतील तशी माणसं उतरत गेली. मी करीमभाईंबरोबर अमडापूरला उतरले. हे नसीमचे चुलतसासरे. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि बोलणं अगदी हळू. आधी त्यांचे वडील बाजारोबाजार स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करायचे. स्टोव्ह गेले, पितळी पंप आले. ते गेले, प्लास्टिकचे आले. गल्ली तीच राहिली.

ताडपत्री अंथरून पेटी उघडेपर्यंत पहिलं गिऱ्हाईक हजर होतं. धोतराचा सोगा खोचलेले एक आजोबा पंप आदळून म्हणाले, "काऊन बे करीम, मागच्या हप्त्यात नवाकोरा करून देल्ला म्हनला न तू? दोन टाक्या मारल्या अन् बंद!"

करीमभाईंनी नोझल उघडून बोटावर गाळ घेतला आणि वास घेतला. "जीवामृत टाकलं?"

"टाकलं."

"गाळलं?"

आजोबा आभाळाकडे बघायला लागले.

"शेन पाठीवर घेऊन फिरून राह्यला अन् पंपाले नावं ठेवतो," करीमभाई म्हणाले. दोघं हसले. आजोबांनी पिशवीतून कणसं काढून पेटीवर ठेवली.

दिवसभर मी पेटीशेजारी बसून होते. बारीकसारीक काम तिथेच व्हायचं: नळी बदल, चापाची स्प्रिंग बसव. मोटर गेली असेल तर करीमभाई म्हणायचे, "याचं पोट खोलावं लागते, घरी नेतो." मग चिंधीला गाठी मारून ती पंपाच्या मुठीला बांधायचे. अमडापूरच्या पंपाला दोन गाठी. पिंपळगाव राजाच्या पंपाला पाच. प्रत्येक बाजाराच्या गाठी ठरलेल्या आणि गल्लीतल्या प्रत्येकाला त्या तोंडपाठ. पुढच्या बाजाराला तो पंप गाठी बघून आपल्या गावी परत जातो. चिठ्ठी भिजते, शाई औषधाने उडते, गाठ सुटत नाही. हे मी वहीत लिहून घेतलं, गंमत म्हणून.

दुपारी आलूबोंडा खाल्ला. आपला बटाटावडाच तो, पण त्यावर लाल तर्री ओतून खायचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "पुन्याले तिखट खात नाई का, मॅडम?" असं शेजारच्या बांगडीवाल्याने विचारलं, तेव्हा मी मुद्दाम दुसरा मागवला. तो संपवताना माझी जी अवस्था झाली ती इथे लिहीत नाही.

अपघात व्हायचा तो संध्याकाळी झाला. करीमभाईंनी दुरुस्त पंपाचा चाप ओढून पाहिला आणि फवारा थेट माझ्या अंगावर आला. "पानीच हाये, पानीच हाये," ते घाबरून म्हणत राहिले. पाणीच होतं, पण ते टाकीत मुरलेल्या औषधाचा वास घेऊन आलं होतं. परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

पिंपळगाव राजा

राजूरच्या घाटात रिक्षा वळली आणि खालची सपाटी दिसली. बुलढाण्याचे लोक 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असं म्हणतात ते उगाच नाही. वर गार वारा होता. उतरताना प्रत्येक वळणाला हवा जड होत गेली. खाली काळी जमीन, कपाशी आणि सोयाबीनचे लांबच लांब पट्टे, आणि त्यात पंप पाठीवर घेतलेली माणसं एका चालीने पुढे सरकत होती. तीन-चार दिवसांपूर्वी ही माणसं मला दिसली असती, त्यांच्या पाठीवरचा पंप दिसला नसता.

इथे करीमभाईंची जागा लिंबाच्या झाडाखाली. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे वांग्यांची टोपली होती. मला वाटलं, आता भांडण होणार. पण शेजारच्या बाईने टोपली उचलली आणि जागा पुसून दिली. "या करीमदादा. आज उशीर केला?" ही शांताबाई, घाटाखालच्याच एका खेड्यातली. पहाटे येते, स्वतःची पथारी मांडते आणि करीमभाईंच्या जागेवर टोपली ठेवून देते. ती आजारी असली की करीमभाई तिच्या जागेवर पेटी ठेवतात. आमच्याकडे मंडईत गाळ्याला नंबर असतो, परवाना असतो, आणि तरीही रोज हमरीतुमरी होते. इथे कागद नावाची वस्तूच नव्हती.

जेवायला शांताबाईने भरीत आणि कळण्याची भाकरी काढली. ज्वारी-उडदाची ती काळपट भाकरी, हिरव्या मिरचीचं भरीत आणि कांद्याची पात. मी पुण्यात भरीत करते त्याला यापुढे भरीत म्हणणार नाही. खाता खाता मी करीमभाईंना विचारलं, "गणनेचा माणूस आला होता, तेव्हा कामाचं ठिकाण काय सांगितलंत?"

"पिंपळगाव राजा."

"देऊळघाट का नाही सांगितलं? राहता तिथे. पंप तिथे नेता."

मला एवढंही कळत नाही, याचं त्यांना नवल वाटलं असावं. "काऊन सांगू? माह्या बापाची जागा हाये ही. उद्या कागदावर देऊळघाट लागलं, अन् कोनी येऊन म्हनलं, तुही जागा तं तिकडे हाये, ऊठ इथून, मंग म्या कुठं जाऊ?" मग त्यांनी गल्लीतल्याच एकाची गोष्ट सांगितली. त्याने बुलढाण्यात शटरचं दुकान घेतलं, पाटी लावली. महिन्याभरात बाजारातली जागा गेली. दुकान चाललं नाही. परत आला तर त्याच्या जागेवर प्लास्टिकच्या बादल्या मांडलेल्या. आता तो सुरतेला आहे. "म्हनून आमी ठरवलं. ज्याचा जो बाजार, त्यानं तो सांगाचा."

शांताबाई म्हणाली, "बरोबर केलं दादा. सरकारले काय, लिवलं का लिवलं."

म्हणजे चाळीस घरं एकदिलाने खरं बोलली होती आणि त्या खरं बोलण्यानेच माझ्या तक्त्यात जिल्हाभर उधळली गेली होती. झाडाखाली बसून मला चक्क आनंद झाला. चूक सापडली होती आणि ती माझी नव्हती! आता शुक्रवारी सगळ्यांना समजवायचं, नवा जबाब घ्यायचा, ठिकाण देऊळघाट लिहायचं, की आकडा आपोआप उभा राहील. रिक्षात मी गुणगुणत होते, असं करीमभाईंनी नंतर मला सांगितलं.

शुक्रवार

नमाजानंतर गल्लीतले सगळे पुरुष ओट्यांवर जमले. मी उभी राहून समजावलं. जबाब त्यांनी स्वतःच दिलेला, तो त्यांनाच बदलता येईल. फक्त 'देऊळघाट' म्हणा आणि सही करा.

करीमभाई म्हणाले, "नाई मॅडम. म्या नाई देनार."

"शेड पायजे का नाई तुमाले?" नसीमने दारातून विचारलं.

"पायजे. जागाबी पायजे."

"चाचा, घर पेटून जाईन एखाद्या दिशी!"

"अन् जागा गेली तं खाऊ काय? शेड खाऊ?"

दोघंही खरं बोलत होते आणि मला दोघांचाही राग येत होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब. "त्यांनी स्वतःच लिहून दिलंय ना? मग विषय संपला. सोमवारी यादी जातेय. तुम्ही परत या."

"विषय संपलेला नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्याआधी मी साहेबांचा फोन कधी ठेवला नव्हता. पण पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. आवाज होता तो फक्त ठोक्यांचा. या दारातून, त्या दारातून, ट्यूबवर ठोकणी पडतच होती.

नसीम पायरी उतरून माझ्यासमोर आली. "मॅडम, तुमी आल्यापासून गड्याइच्या मांगं हिंडून राह्यल्या. अमडापूर पाह्यलं, पिंपळगाव पाह्यलं. ठोके तं इथं पडून राह्यले. वॉशर कोन पाडते? मोटर कोन खोलते? तारांले कथलाचा डाग कोन देते? ब्याटऱ्या कोन पाहते?" तिने तळहात माझ्यापुढे धरला. "हा बाजारात भाजला का?"

मी खांद्यावरची पिशवी उतरवून ठेवली.

"आमाले कोन्याच बाजारात जागा नाई. तं आमची काय जाईन? याइचं राहू द्या. आमचं लिवा."

मी ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला. मूळ नोंदींत हीच घरं काढली. प्रत्येक घरात पुरुषाच्या नावासमोर एकेका बाजाराचं नाव होतं, आणि खाली बाईच्या नावासमोर, एकूण एक, 'घरकाम'. नसीमने वाकून पाहिलं. "हे कोनी लिवलं?"

"घरातून जे सांगितलं जातं ते लिहितात."

"याइनं सांगतलं असन." तिने नवऱ्याकडे मान केली. "तो मानूस दारात उभा राहून इचारे, बाई काय करते? हे म्हनले, काई नाई, घरीच असते. मांगं मी मोटर खोलून बसली होती!" नवरा बिचारा आपल्या चपलेकडे बघत होता.

पण त्याने सांगितलं एवढंच. पुढचं मी केलं होतं. घरकाम असलेल्या सगळ्या ओळी वगळाव्यात, अशी एक सूचना माझ्या आज्ञावलीत आहे. मीच केव्हातरी लिहिली, आणि तेव्हापासून प्रत्येक जिल्ह्याला ती तशीच चालवत आले. एक कळ दाबली की लाखभर बाया गळून पडतात आणि तक्ता सुटसुटीत होतो. घरात बसून बाजारासाठी केलेलं काम हे कामच धरायचं, असं आमच्याच नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते नव्या लोकांना शिकवते! पहिल्या दिवशी या गल्लीत शिरून, वॉशर पाडणाऱ्या बाईसमोर उभी राहून मी विचारलं होतं, घरी कोणी आहे का. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

मग मी रीतसर नव्याने सुरुवात केली. कोरे जबाब काढले. "पहिलं नाव कोणाचं?"

गल्लीत कुजबुज झाली. बायांची नावं सरकारी कागदावर जायची, हे काहींना रुचलेलं नव्हतं. करीमभाईंनी बोलायला तोंड उघडलं तोच त्यांच्या घरातून आवाज आला. त्यांची बायको हमीदाबी, साठीच्या पुढची, पडद्याआडूनच म्हणाली, "माहं पह्यले लिवा. तीस वर्सं झाले म्या याइचे वॉशर पाडून राह्यली." करीमभाईंनी तोंड मिटलं. थोड्या वेळाने त्यांनीच आत जाऊन तिचं आधारकार्ड आणून दिलं.

संध्याकाळपर्यंत मी दारोदार बसले. काय करता, किती तास, किती महिने. कामाचं ठिकाण? "इथंच." पुढच्या दारात, "हेच की, घर." पुढच्या, "देऊळघाट, आखीन कुठं?" पुराव्याला काय जोडायचं, हा प्रश्न गाठींनी सोडवला. ओट्यांवर आठही बाजारांचे पंप होते आणि कुठला पंप कुठून आला ते चिंध्यांवर बांधलेलंच होतं. दोन गाठींचे किती, पाच गाठींचे किती, सगळे मोजून फोटो काढले. जिल्ह्याच्या आठ बाजारांतलं काम एका गल्लीत येऊन पडतं, याचा इतका चोख पुरावा मी कुठल्याच कार्यालयात पाहिलेला नाही.

मग नसीमच्या ओट्यावर बसून गणित केलं. ज्यांनी बाजार सांगितला होता ते पुरुष बाजारातच ठेवले, एकाचीही जागा हलवली नाही. फक्त बाया धरल्या. आणि एकट्या देऊळघाटच्याच नाही. तीच सूचना काढून सगळा जिल्हा पुन्हा मोजला, म्हणजे कोणी पक्षपात म्हणायला नको. आकडा आला तो बघून मी तीनदा पडताळला.

"किती आला?" नसीमने विचारलं.

मी सांगितला.

"म्हंजे शून्य नाई?"

"नाही. जिल्ह्यात एवढा मोठा दुसरा नाही."

"मंग च्या घ्या," ती म्हणाली. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

पुणे

साहेबांनी कागद चाळले आणि चष्मा काढला. "असं धरत गेलात तर प्रत्येक गावात बायका निघतील."

"निघू देत."

"ऐनवेळी पद्धत बदलता येत नाही."

"पद्धत तीच आहे. मी माणसं वगळायचं थांबवलंय."

मग त्यांनी मधला मार्ग काढला. जुना तक्ता तसाच पाठवायचा, आणि माझं सगळं 'घरगुती काम धरल्यास' अशी तळटीप देऊन शेवटी बारीक अक्षरात घालायचं. मी म्हटलं, जुन्या तक्त्यावर माझी सही मिळणार नाही. दोन दिवस आमच्या मजल्यावर जो आरडाओरडा झाला त्यातला निम्मा माझा होता आणि त्याची मला खंत नाही. सहीशिवाय यादी जाईना, सोमवार टळला, आणि शेवटी प्रकरण जिल्ह्याकडे गेलं: समक्ष पडताळणी करावी. माझ्या खोलीत आता चहाला पूर्वीइतके लोक येत नाहीत. न येवोत.

देऊळघाट आज यादीत आहे. शेडचा पाया अजून पडायचाय आणि तो पडेपर्यंत मी महिन्याला एक पत्र लिहिणार आहे, हे संबंधितांना कळवलेलं आहे. पण पडताळणीच्या दिवशी काय झालं ते नसीमने फोनवर सांगितलं, तेवढं लिहून थांबते.

जीप आली ती नेमकी बाजाराच्या दिवशी. गल्लीत एकही पुरुष नाही. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी दारादारांतून नजर टाकली, कोणी नाही असं म्हणाले आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. गल्ली अरुंद. नसीम हातोडी घेऊन तशीच जीपसमोर जाऊन उभी राहिली. साहेबांना उतरावं लागलं. तिने त्यांना ओट्यावर बसवलं, एक बंद पंप त्यांच्यापुढे खोलला, मोटर काढली, वॉशर बदलला, पंप चालू करून दाखवला. साहेब म्हणाले, ठीक आहे, आणि कागद काढून लिहायला लागले. कारागिराचं नाव या रकान्यात त्यांनी तिला न विचारताच, जुन्या नोंदीत बघून, तिच्या नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

नसीमने कागदावर तळहात ठेवला. "त्याइचं नाव बाजारात हाये, साहेब," ती म्हणाली. "इथं माहं लिवा."